कोर्ट फी भरायची ऐपत नसेल तर दावा लावायचाच नाही का?

रानवाट

मी यवतमाळ जिल्ह्यातल्या एका तालुक्यात विधी स्वयंसेवक आहे. वकील नाही. कोणता अर्ज कुठे द्यायचा, सोबत काय जोडायचं हे लोकांना सांगणं आणि गरज पडली तर त्यांच्यासोबत कार्यालयात जाणं, एवढं माझं काम. सध्या एका ताईंचं प्रकरण हातात आहे आणि त्यावर इथल्या जाणकारांचं मत हवं आहे. ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.

आमच्याकडे शेतीची लाईट बरेचदा रात्रीची असते. ताईंचा नवरा रात्री गव्हाला पाणी द्यायला गेला. शेजारच्या शेतकऱ्याने रानडुकरांपासून पीक वाचवायला कुंपणाच्या तारेत थेट करंट सोडला होता. सकाळी माणूस तारेजवळ सापडला. पोलिसांत गुन्हा दाखल झाला, खटला चालू आहे, त्यातून शिक्षा व्हायची तेव्हा होईल. पण कमावता माणूस गेला त्याची भरपाई मागायची तर वेगळा दिवाणी दावा लावावा लागतो. ताईंच्या पदरात दोन मुलं आणि म्हातारी सासू. 8 लाखांची मागणी करावी असा हिशोब निघाला आणि त्याच बैठकीत कोर्ट फीचा आकडा समोर आला. पाच आकडी. निंदण-खुरपणाच्या मजुरीवर घर चालवणारी बाई एवढी रक्कम कुठून उभी करणार? "जाऊ द्या ताई, आपल्याच्यानं होत नाही," म्हणून त्या उठल्या.

मला हे पटत नाही, पटणारही नाही. पैशाच्या दाव्यात फी मागणीच्या रकमेवर ठरते. नुकसान जितकं मोठं तितकी मागणी मोठी आणि तितकी फी मोठी. ज्या घराचं सगळंच गेलं त्याला सगळ्यात जास्त पैसे आधी मोजायला सांगायचे, ही कुठली रीत?

दिवाणी प्रक्रिया संहितेच्या आदेश 33 प्रमाणे निर्धन व्यक्तीला फी न भरता दावा लावता येतो, इतकं मला माहीत आहे. पण तालुक्याला कुणालाही विचारा, "पॉपरच्या (म्हणजे निर्धन म्हणून लावायच्या दाव्याच्या) भानगडीत पडू नका, त्यातच वर्ष जातं, त्यापेक्षा उसनेपासने करा" असंच ऐकायला मिळतं. उसनेपासने म्हणजे शेवटी सावकारच. आणि अशा मृत्यूच्या भरपाईचा दावा मृत्यूपासून 2 वर्षांत लावावा लागतो. त्यातलं वर्षाच्या वर निघून गेलं.

माझे प्रश्न असे. सामाईक सातबाऱ्यावर वारस म्हणून ताईंचं नाव लागलं आहे, कोरडवाहू जमीन, वाटणी झालेली नाही. राहतं घर टिनाचं. एवढ्यावर "तुम्ही निर्धन नाही" म्हणतील का? अर्जाच्या चौकशीतच 2 वर्षं उलटली तर दावा मुदतबाह्य होईल का? आणि जिंकल्यावर फी भरावीच लागते असं म्हणतात, ते कितपत खरं?


मोगरा

महाराष्ट्रात बायकांना कोर्ट फी माफ आहे ना? माझ्या बहिणीच्या घटस्फोटाच्या केसमध्ये फी लागलीच नव्हती.


दिवाणी

मोगरा, तुमच्या बहिणीच्या बाबतीत ते बरोबर होतं. महाराष्ट्र कोर्ट फी अधिनियमाच्या कलम 46 खाली राज्य सरकारला फी कमी करण्याचा किंवा माफ करण्याचा अधिकार आहे. तो वापरून 1 ऑक्टोबर 1994 ला अधिसूचना निघाली. पोटगी, घटस्फोट, महिलांवरील हिंसाचार आणि विवाहसंबंधातून आलेले मालमत्तेचे वाद यांत महिला पक्षकाराला फी नाही. पण त्रयस्थ माणसाकडून मृत्यूची भरपाई मागण्याचा दावा त्यात बसत नाही. बाई आहे म्हणून कुठल्याही दाव्यात सूट, असा समज अनेकांचा असतो आणि मग दावा दाखल करायच्या दिवशी खिडकीवर खोळंबा होतो.

रानवाट, तुमच्या तिन्ही प्रश्नांना नीट उत्तर द्यायचं आहे. मी विदर्भातच दिवाणी बाजूला वकिली करतो. आज रात्री लिहितो.


तिरफळ

विरोधी सूर लावतो, राग मानू नका. आमच्या वडिलांवर एकाने जमिनीच्या व्यवहारावरून पॉपर दावा लावला होता. फी नाही, जोखीम नाही. आम्ही मात्र प्रत्येक तारखेला वकिलाचे पैसे देत होतो. त्या माणसाचं स्वतःचं घर होतं, फक्त कागदावर मेहुण्याच्या नावाने. फी हा एक बांध आहे. तो काढला तर कुणीही उठून कुणालाही कोर्टात खेचेल. रानवाट यांच्या ताईंबद्दल सहानुभूती आहे, पण नियम सगळ्यांना लागू होतो, तेव्हा दुसरी बाजूही बघायला हवी.


रानवाट

तिरफळ, राग कशाला मानू. तुमच्या घराला झालेला त्रास खरा आहे. पण फीमुळे खोटे दावे थांबतात हे मला मान्य नाही. ज्याच्याकडे पैसा आहे तो खोटा दावासुद्धा फी भरून लावतो आणि समोरच्याला दहा वर्षं झुलवतो. फीमुळे थांबतो तो पैसा नसलेला माणूस, मग त्याचा दावा खरा असो की खोटा. मी ज्यांच्यासोबत बसते त्यांच्यात खोटा दावा लावायला आलेलं माणूस क्वचित भेटतं. खरा दावा सोडून देणारी माणसं मात्र सतत भेटतात, आणि त्यांची नोंद कुठल्याच रजिस्टरमध्ये होत नाही, कारण त्यांचा कागद कोर्टापर्यंत पोचतच नाही.


दिवाणी

आता सविस्तर.

आधी निर्धन कुणाला म्हणायचं. आदेश 33, नियम 1 प्रमाणे दाव्याची फी भरण्याइतकं पुरेसं साधन ज्याच्याकडे नाही तो. इथे दोन गोष्टी हिशोबातून वगळायच्या असतात. ज्या वस्तूसाठी दावा आहे ती, आणि हुकूमनाम्याच्या, म्हणजे दिवाणी कोर्टाच्या निकालाच्या आदेशाच्या, वसुलीत जी जप्त करता येत नाही ती मालमत्ता. दुसरी गोष्ट फार महत्त्वाची आहे. त्याच संहितेचं कलम 60 वाचा. अंगावरचे कपडे, स्वयंपाकाची भांडी, अंथरूण, धर्माच्या रिवाजाप्रमाणे जे दागिने बाईने अंगावरून उतरवायचे नसतात ते, शेतकऱ्याची अवजारं, जनावरं आणि बियाणं, शेतकऱ्याचं किंवा मजुराचं स्वतःचं राहतं घर, मजुराची मजुरी. हे काहीही धरायचं नाही. म्हणजे ताईंचं टिनाचं घर आणि मंगळसूत्र बाजूला ठेवा. त्यावरून अर्ज नाकारता येत नाही.

जमीन मात्र दाखवावी लागेल. पण सातबाऱ्यावर नाव आहे म्हणजे माणूस सधन, असं कोर्टाने समजायचं नसतं. सर्वोच्च न्यायालयाने 2011 मध्ये मथाई पैकडे विरुद्ध सी. के. अँटनी या निकालात पुरेशा साधनाचा अर्थ सांगितला आहे. नेहमीच्या व्यवहारात, कायदेशीर मार्गाने फीची रक्कम उभी करण्याची त्या माणसाची क्षमता आहे का, हे पाहायचं. न वाटलेल्या कोरडवाहू जमिनीतल्या हिश्श्यावर कोण किती पैसे देणार? हेच अर्जात मांडायचं. जमीन किती, वाटणी झालेली नाही, उत्पन्न किती, त्यावर सोसायटीचं कर्ज किती. एक सावधगिरी इथेच सांगतो. दावा सासूबाई आणि मुलांसाठीही असणार, तेव्हा तिघांचीही मालमत्ता यादीत हवी. सासूबाईंच्या नावावर वेगळा गट असेल आणि तो राहून गेला, तर समोरचा वकील नेमकं तेच पकडेल.

मुदतीबद्दल घाबरू नका, पण उशीरही करू नका. मुदत कायद्याच्या कलम 3 प्रमाणे निर्धन म्हणून परवानगीचा अर्ज ज्या दिवशी दाखल होतो त्याच दिवशी दावा लावला असं धरतात. चौकशीला किती वेळ लागतो याच्याशी मुदतीचा संबंध नाही. अर्ज नाकारला गेला तरी नियम 15-अ आहे. कोर्ट फी भरायला मुदत देऊ शकतं, आणि त्या मुदतीत फी आणि खर्च भरला तर दावा मूळ अर्जाच्या तारखेचाच धरला जातो. म्हणून 2 वर्षांच्या आत अर्ज आत गेला पाहिजे, बाकी सगळं नंतर. आणि हो, मधल्या काळात समोरच्याशी तडजोडीची बोलणी चालू असतील तर त्याने मुदत थांबत नाही. ही चूक खेड्यांत फार होते. पंच बसतात, "या हंगामानंतर देतो" म्हणतात, आणि हंगामामागून हंगाम जातात.

जिंकल्यावरचं. परवानगी मिळाली की दाव्याची फी आणि समन्सचा खर्च लागत नाही. पण ही फी पुढे ढकललेली असते, पुसलेली नसते. ताई जिंकल्या तर फी किती झाली असती याचा हिशोब कोर्ट करतं, आणि हुकूमनाम्यात ज्याने द्यायची म्हटलं असेल त्याच्याकडून सरकार ती वसूल करतं. साधारणपणे हरलेल्या प्रतिवादीवर टाकतात, आणि आपल्या वकिलाने तशी मागणी स्पष्ट करावी, कारण दाव्याच्या रकमेवर सरकारचा पहिला बोजा असतो. दावा हरला तर मात्र फी वादीकडूनच मागितली जाते, आणि हुकूमनाम्याची प्रत जिल्हाधिकाऱ्यांकडे जाऊन वसुली जमीन महसुलाच्या थकबाकीसारखी होऊ शकते. हे ताईंना आधीच नीट सांगा. त्यांनी सगळं समजून घेऊन सही करावी.

तिरफळ, तुमच्यासाठीही. अशा अर्जावर निर्णय होण्याआधी समोरच्याला आणि सरकारी वकिलाला किमान 10 पूर्ण दिवसांची नोटीस द्यावी लागते. अर्जदार निर्धन नाही याचा पुरावा देण्याचा तुम्हाला हक्क असतो. 1972 च्या एम. एल. सेठी विरुद्ध आर. पी. कपूर निकालानंतर तर अर्जदाराने आपली कागदपत्रं उघड करावीत अशी मागणीही तुम्ही करू शकता. अर्जाच्या आधीच्या 2 महिन्यांत मुद्दाम मालमत्ता दुसऱ्याच्या नावावर केली असेल तर अर्ज फेटाळला जातो. परवानगी मिळाल्यावर साधनं असल्याचं दिसलं किंवा वादी त्रास देण्यासाठीच दावा चालवतोय असं दिसलं, तर नियम 9 खाली ती काढून घेता येते. बांध आहे, आणि तो बऱ्यापैकी उंच आहे.


तिरफळ

हे मला माहीत नव्हतं. आमच्या वकिलाने नोटिशीच्या टप्प्यावर काहीच हरकत घेतली नव्हती, थेट कैफियत, म्हणजे दाव्याला लेखी उत्तर, दिली. धन्यवाद. तरी माझं म्हणणं एवढंच की चौकशी खरोखर व्हावी, कागदापुरती नको.


शिरस्तेदार_निवृत्त

चौकशीबद्दल मी सांगतो. नियम 1-अ प्रमाणे अर्जदार निर्धन आहे का याची पहिली चौकशी कोर्टाचा मुख्य लिपिकवर्गीय अधिकारी करतो, न्यायाधीशांनी वेगळं सांगितलं नाही तर. असे अर्ज माझ्या टेबलावरून गेले आहेत.

सगळ्यात जास्त नुकसान करणारी गोष्ट म्हणजे "मालमत्ता : निरंक" असं लिहिलेला अर्ज. वकिलाचा कारकून छापील मजकूर भरतो, अर्जदार न वाचता अंगठा देतो. मग तलाठ्याचा अहवाल येतो, त्यात आठ-अ वर नाव निघतं, दोन शेळ्या निघतात, बचत गटाचं खातं निघतं. मालमत्ता क्षुल्लक असते. पण लपवली म्हटल्यावर अर्जदाराच्या बाकीच्या म्हणण्यावरचा विश्वास उडतो. नियम 2 प्रमाणे जंगम आणि स्थावर मालमत्तेची अंदाजे किमतीसह यादी जोडावीच लागते. शेळी असेल तर शेळी लिहा. खात्यात 340 रुपये असतील तर 340 लिहा आणि पासबुकाची प्रत लावा. किसान सन्मानचे हप्ते येत असतील तर तेही. भरगच्च यादी आणि खाली "एवढं असूनही फी भरता येत नाही, कारण…" असं लिहिलेला अर्ज मला नेहमी खरा वाटायचा.

दुसरं, अर्ज पडून राहतात ते बहुतेक वेळा महसूल खात्याच्या अहवालासाठी. कोर्टातून पत्र जातं, तहसील कार्यालयात ते आवक होतं, तिथून मंडळ अधिकारी, तिथून तलाठी. तलाठ्याकडे पंचनामे, पीक पाहणी, निवडणूक. पत्र खाली जातं आणि वर येत नाही. कोर्ट पुढची तारीख देतं, अहवाल अप्राप्त. अर्जदाराने तारखेला नुसतं हजर राहून परत जाऊ नये. जावक क्रमांक मागून घ्यावा आणि तहसीलला जाऊन त्या क्रमांकावर विचारावं. आणि वकिलामार्फत कोर्टाला विनंती करावी की अर्जदाराची शपथेवर तपासणी घ्या, सातबारा, आठ-अ आणि उत्पन्नाचा दाखला आम्हीच हजर करतो, अहवालासाठी थांबू नका. न्यायाधीश ऐकतात. कुणी मागितलं तर ऐकतात.

हे लिहिताना वाईट वाटतं. माझ्या नोकरीत मी असे अर्ज अहवालाअभावी वर्षानुवर्षं तारखा खाताना पाहिले. माणूस गरीब आहे हे टेबलापलीकडून दिसत असायचं, पण कागद आला नाही.


पैलतीर

मी कॅलिफोर्नियात असते, इथल्या मराठी मंडळातल्या एका आजींना भाडेकराराच्या वादात मदत केली तेव्हाचं सांगते. तुलना म्हणून नव्हे, पद्धत म्हणून बघा.

तिथे राज्याच्या कोर्टात फी माफीसाठी एफडब्ल्यू-001 नावाचा साधा फॉर्म आहे. सरकारी मदत मिळत असेल तर त्या योजनेवर खूण करायची. नसेल तर उत्पन्न लिहायचं. तेही मर्यादेपेक्षा जास्त असेल, पण घरखर्च भागवून फी देता येत नसेल, तर खर्चाचा तपशील द्यायचा. शपथेवर सही. फॉर्म दावा दाखल करतानाच खिडकीवर द्यायचा. मला महत्त्वाची वाटली ती पुढची तरतूद. कोर्टाने कामकाजाच्या 5 दिवसांत निर्णय दिला नाही तर फी माफी मंजूर झाली असं धरलं जातं. विलंबाचा भार अर्जदारावर पडत नाही. नंतर परिस्थिती बदलली, किंवा माहिती खोटी निघाली, तर कोर्ट परत बोलावू शकतं.


रानवाट

पैलतीर, ही 5 दिवसांची गोष्ट वाचून मी थांबले. शिरस्तेदार साहेबांनी जे लिहिलं त्याला नेमकं हेच उत्तर आहे. आपल्याकडे अहवाल आला नाही तर अर्जदार थांबतो. तो उशीर सरकारच्याच एका खात्याचा असतो, आणि सरकारलाच त्या अर्जात नोटीस जाते. ठरावीक दिवसांत महसूल खात्याने हरकत कळवली नाही तर प्रतिज्ञापत्र खरं धरून दावा नोंदवावा, एवढा एक नियम झाला तरी तालुक्यातली किती प्रकरणं सुटतील. फी माफ झालीच असं नाही, नंतर वसूल करायची सोय तर आहेच. मग आधी एवढं अडवायचं कशाला?

विधी सेवा कायद्यात तर ही दृष्टी आहेच. कलम 13 प्रमाणे उत्पन्नाबद्दल अर्जदाराचं प्रतिज्ञापत्र पुरेसं मानता येतं, अविश्वासाचं कारण नसेल तर. त्याच माणसावर एका खोलीत विश्वास ठेवायचा आणि शेजारच्या खोलीत तलाठ्याचा कागद मागायचा.


दिवाणी

हा मुद्दा बरा निघाला, कारण विधी सेवेबद्दल लिहायचं राहिलं होतं. 1987 चा विधी सेवा प्राधिकरण कायदा 9 नोव्हेंबर 1995 पासून लागू झाला. कलम 12 प्रमाणे महिला, मुलं, अनुसूचित जाती-जमातीची व्यक्ती, अपंग व्यक्ती, कोठडीतली व्यक्ती, औद्योगिक कामगार, आपत्तीग्रस्त यांना मोफत विधी सेवा मिळते. यांना उत्पन्नाची अट नाही. बाकीच्यांसाठी महाराष्ट्रात वार्षिक उत्पन्न 3 लाखांच्या आत हवं. ताई महिला म्हणून थेट पात्र आहेत.

यात अनेकांना माहीत नसलेली गोष्ट अशी की विधी सेवा म्हणजे नुसता वकील नव्हे. कोर्ट फी, समन्सचा खर्च, कागदपत्रांच्या नकला, भाषांतर, टंकलेखन हा खर्चही त्यात येतो. पण तो मागावा लागतो. तालुका विधी सेवा समितीला अर्ज करताना "वकील मिळावा" एवढंच लिहिलं तर वकील मिळेल आणि फीचा प्रश्न तिथेच राहील. "दाव्याची कोर्ट फी व अनुषंगिक खर्च मिळावा, अथवा आदेश 33 खाली अर्ज दाखल करून चालवावा" असं स्पष्ट लिहा. माझा सल्ला, दोन्ही वाटा एकाच वेळी धरा. 15100 ही हेल्पलाइनही आहे, पण तुम्ही तालुक्यातच आहात तर समोर जाऊन पोच घ्या.

एक जुना निकाल या धाग्यात यायलाच हवा. हरियाणा राज्य विरुद्ध दर्शना देवी, 1979. राज्य परिवहनच्या बसने घरातला एकमेव कमावता माणूस मारला. विधवा आणि मुलगी भरपाई मागायला गेल्या, फी भरायला पैसे नाहीत. उच्च न्यायालयाने सूट दिली, तर राज्य सरकार त्याविरुद्ध सर्वोच्च न्यायालयात गेलं. न्यायमूर्ती कृष्ण अय्यर यांनी अपील फेटाळलं आणि सरकारला सुनावलं की फीचा आग्रह धरून गरिबाला न्यायाच्या बाजारातून बाहेर काढू नका. आदेश 33 अपघात न्यायाधिकरणालाही लागू होतो हे तिथेच स्पष्ट झालं. त्याच्या तीनच वर्षं आधी, 1976 च्या 42 व्या घटनादुरुस्तीने अनुच्छेद 39-अ आलं होतं, पैशाअभावी कुणाला न्याय नाकारला जाऊ नये म्हणून. नवख्या वकिलांनी अर्जात हा निकाल टाकावा. सरकारी वकील उगाच हरकत घेत असेल तर उपयोगी पडतो.


झुळूक

थोडं विषयांतर, पण फीचाच प्रश्न आहे. माझ्या वडिलांनी फ्लॅटसाठी बिल्डरला 14 लाख दिले. ताबा नाही, पैसे परत नाहीत. वडील निवृत्त, पेन्शन नाही. दिवाणी दाव्याची फी ऐकून आम्ही गप्प बसलो आहोत. ते निर्धन म्हणून अर्ज करू शकतात का? राहता फ्लॅट आईच्या नावावर आहे.


दिवाणी

झुळूक, तुमच्यासाठी आदेश 33 ची गरजच नाही बहुतेक. ग्राहक आयोगात जा. तिथली फी दिलेल्या रकमेवर ठरते आणि अगदी नाममात्र आहे. 2020 च्या नियमांप्रमाणे 5 लाखांपर्यंत शून्य, 10 ते 20 लाखांना 400 रुपये. मात्र तक्रार कारण घडल्यापासून 2 वर्षांत करायची असते, तेव्हा आता गप्प बसू नका. करार, पावत्या आणि बिल्डरशी झालेला पत्रव्यवहार घेऊन जा.

हे सगळ्यांसाठीच. दावा लावण्याआधी विचारा की याच गोष्टीसाठी स्वस्त किंवा बिनफीचं दार आहे का. पोटगी, कामावरच्या अपघाताची भरपाई, ग्राहक तक्रार, दाखलपूर्व लोकअदालत. चालू दावा लोकअदालतीत मिटला तर भरलेली फीही परत मिळते. महाराष्ट्रात 2018 पासून दाव्याच्या फीची कमाल मर्यादा 3 लाखांवरून 10 लाखांवर गेली. तेव्हापासून मोठ्या रकमेचे दावे मध्यमवर्गालाही जड झाले आहेत, आणि मध्यमवर्ग निर्धनाच्या व्याख्येत सहसा बसत नाही. त्यांच्यासाठी सध्या धड वाट नाही, हे मान्य करावं लागेल.


रानवाट

आणखी एक अडचण. शेतकरी अपघात योजनेतून ताईंना 2 लाख मंजूर झाल्याचं पत्र आलं आहे, पैसे अजून खात्यात नाहीत. गावात कुणीतरी त्यांना सांगितलं, हे पत्र कोर्टाला दाखवू नको, नाहीतर निर्धन म्हणणार नाहीत.


दिवाणी

दाखवायचंच. लपवलं आणि निघालं तर शिरस्तेदार साहेबांनी सांगितलं तेच होईल. मंजूर रक्कम आणि हातातली रक्कम यात फरक आहे, आणि तो सर्वोच्च न्यायालयाने 2024 मध्ये अलिफिया केशारिया यांच्या प्रकरणात मान्य केला आहे. गुजरातचं प्रकरण होतं. अपघाताची भरपाई मंजूर झाली होती, वाढवून मागायला अपील करायचं होतं. उच्च न्यायालय म्हणालं, रक्कम मिळाली आहे, निर्धन कशा? सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की रक्कम प्रत्यक्ष हातात आलेली नाही, तेव्हा निर्धन म्हणून अपील चालेल. अपिलासाठी आदेश 44 आहे, तत्त्व तेच.

पैसे अर्ज प्रलंबित असताना खात्यात आले, तर कुठे गेले याच्या पावत्या जपा. अंत्यविधीचं उसनं, सोसायटीचं कर्ज, मुलांची शाळा. आलेले 2 लाख कर्जात गेले असतील तर ते साधन उरलं नाही, पण हे कागदाने दाखवावं लागेल.


मोगरा

अर्ज इंग्रजीत लागतो का? आणि ताईंना स्वतः जावं लागेल का, मजुरी बुडवून?


शिरस्तेदार_निवृत्त

मराठीत चालतो. जिल्हा आणि तालुका न्यायालयांची भाषा मराठी आहे. अर्ज मात्र त्यांनी स्वतः कोर्टात सादर करावा लागतो, नियम 3. कोर्ट त्यांना तिथेच प्रश्न विचारू शकतं, त्यामुळे यादीतली प्रत्येक ओळ त्यांना पाठ नसली तरी माहीत हवी. आदल्या दिवशी त्यांच्या भाषेत वाचून दाखवा. अंगठा असेल तर वाचून दाखवल्याचा शेरा आणि ओळख देणाऱ्याची सही घ्या. दाखल झाल्याची तारीख आणि नोंदणी क्रमांक त्याच दिवशी कागदावर लिहून घ्या आणि त्याची एक प्रत ताईंच्या घरी राहू द्या, वकिलाच्या फायलीत नको.


रानवाट

सगळ्यांचे मनापासून आभार. काल ताईंच्या घरी जाऊन यादी केली. सासूबाईंच्या नावावर माहेरकडचा एक तुकडा निघाला, तो कुणाच्याच लक्षात नव्हता. त्याचा सातबारा काढायला टाकला आहे. तिघांची पासबुकं, सोसायटीची थकबाकीची नोटीस, मंजुरीचं पत्र, मृत्यू दाखला आणि गुन्ह्याची प्रत जमली आहे. सोमवारी तालुका समितीत फी आणि वकील दोन्हीचा अर्ज देतो. वकील नेमला गेला की आदेश 33 चा अर्ज 2 वर्षांची तारीख यायच्या बराच आधी आत जाईल. कोर्टातून तहसीलला जाणाऱ्या पत्राचा जावक क्रमांक मिळाला की इथे लिहीन. अशा अहवालाला कोणत्या तालुक्यात किती वेळ लागतो हे इतरांनीही लिहिलं तर बरं होईल, जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाला निवेदन देताना ते जोडता येईल.